गवत पलीकडून आलंय

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. खताच्या दुकानदाराने ही डायरी भेट दिली. पानोपानी केळीचा घड छापलाय, तरी लिहायला जागा उरते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांना सांगायचो, नोंद नाही तर निरीक्षण नाही. स्वतः कधी नोंद ठेवली नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. आता ठेवणार.

संकल्प: यंदा अनेर नदीतल्या त्या गवताचं मूळ शोधून काढायचं. शास्त्रशुद्ध. पुराव्यानिशी.

गवत म्हणायचं, पण उंची दोन पुरुष. बांबूसारखी पेरं, हात कापतील अशी पानं, वर पांढरे तुरे. तीन वर्षांपूर्वी नदीत त्याची काडी नव्हती. आज आमच्या घाटापासून खालच्या फरशी पुलापर्यंत पाणी दिसत नाही. घाटाला अकरा पायऱ्या होत्या. चार उरल्या. बाकीच्या आत कुठेतरी आहेत.

माझं प्राथमिक निदान पक्कं आहे. गवत पलीकडून आलंय. नदीच्या अलीकडे आम्ही, चोपडा तालुका, जिल्हा जळगाव. पलीकडे शिरपूर तालुका, जिल्हा धुळे. तिकडच्या लोकांना पहिल्यापासून शिस्त नाही. माझी थोरली बहीण, मंजुळा अक्का, पलीकडेच दिलेली आहे. फरशीला लागून अगदी काठावर तिचं घर. पण नात्याचा आणि विज्ञानाचा संबंध नाही.

दुसरा संकल्प: चहा बंद. (सौ.ने आत्ताच आणून ठेवलाय. उद्यापासून.)

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८

तोतारामला घेऊन पाहणीला गेलो. तोताराम आमच्या शेतात सालाने आहे. शाळेत माझाच विद्यार्थी, नववीत सोडली, त्यामुळे निरीक्षणशक्ती कच्ची.

गवतात दहा पावलं शिरलो. आत दिवसाउजेडी अंधार. बाहेर वाऱ्याचं नाव नव्हतं तरी आत सळसळ चालू होती, शेजारच्या खोलीत कुणी कपड्यांच्या घड्या घालत असल्यासारखी. तोतारामची पाडी आठ दिवसांपूर्वी चरता चरता आत गेली ती परत आली नाही. म्हटलं, रानडुकरांनी ओढली असेल. तो म्हणाला, "सर, तठे डुक्कर बी जात नही."

अकराव्या पावलाला परत फिरलो. घाबरून नाही. पुढचं गवत मागच्यासारखंच होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सौ. म्हणजे वच्छला म्हणते, अहो, नदीतलं गवत आणि आपल्या मागल्या दारचं बेट एकच दिसतंय की. तिला सगळं हिरवं एकच दिसतं. बसवून समजावलं. मागल्या दारचं मी स्वतः चार वर्षांपूर्वी कृषी प्रदर्शनातून आणलं. देणारा माणूस टाय घालून होता. केळीबागेला वाऱ्याची आड म्हणून उत्तम, असं त्याने लेखी दिलं होतं. तेव्हा हातभर तुकडा होता, आता मागची भिंत दिसत नाही इतकं जोमदार आहे. शिवाय ते कुंपणाच्या आत आहे. पाळलेल्या आणि मोकाट कुत्र्यात जो फरक, तोच या दोन गवतांत.

सौ. म्हणाली, कुंपणाला खालून दार असतं का. मुद्दा कळला नाही.

मोरीतली एक लादी वर उचलली गेलीय. मिस्त्रीचं काम कच्चं. बोलावून झापायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

जळगावला जाऊन नूतनला भेटलो. माझी विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात सत्त्याण्णव. आता एका लॅबमध्ये वनस्पतींच्या डीएनएवर काम करते. पाया कोणी घातला हे सांगायला नको.

तिने माहिती दिली. हे गवत मूळचं आशियातलंच, फार जुनं. इथून पश्चिमेकडे गेलं, तिथल्या नद्याच्या नद्या भरून टाकल्या. गंमत अशी की तुरे येतात पण बी धरत नाही. तुरा पोकळ. हजारो मैल पसरलेलं गवत पुष्कळदा एकाच झाडाचे तुकडे असतात. पेराचा तुकडा ओल्या मातीला टेकला की फुटतो. वाहत्या पाण्याला दिला की मैलभर खाली जाऊन फुटतो. जिथे जिथे माजलंय तिथे कुणीतरी आधी हाताने लावलेलं असतं, असं ती म्हणाली. नमुने दिले तर कोणता जुना आणि कोणता त्यापासून झालेला, हे सांगता येईल.

मग विचारलं, सर, तुमच्याकडे कुणी लावलं होतं का. ठामपणे नाही म्हटलं. आमच्या गावात असला माणूस नाही.

एसटीत बसून विचार केला. आशियातून युरोप, युरोपातून सुरत, सुरतेहून धुळे, धुळ्याहून आमचा घाट. साखळी पूर्ण. नूतनला हे सुचलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

नमुने गोळा. एकूण सात पाकिटं. नमुना क्रमांक एक आमच्या मागल्या दारचा. स्वच्छ, निर्दोष, तुलनेसाठी. शास्त्रात त्याला कंट्रोल म्हणतात. दोन, तीन आणि चार घाटावरचे. सहा आणि सात फरशीजवळचे. पाच नंबर सगळ्यात महत्त्वाचा: अक्काच्या परसातला.

तिला नमुन्याचं सांगितलं नाही. पुराव्याला धक्का लागतो. सहज आलो म्हणालो. तिला इतका आनंद झाला की लगेच शिरा टाकला. ती चुलीशी असताना मी हात धुवायला म्हणून मागे गेलो.

मागे जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदवतो. नदीच्या काठाला, घराच्या भिंतीपासून चार हातांवर, तेच गवत. मोठं बेट. बुडाशी विटांचं गोल आळं. आळ्यात ओल. बाजूला तिचा सोनगीरचा पितळी तांब्या ठेवलेला. पूजेत तुळशीला बांधतात तसा लाल नाडा एका कांडीला बांधलेला. म्हणजे हे गवत कुणी चुकून येऊ दिलेलं नाही. रोज पाणी घालून वाढवलंय. हेतू उघड आहे.

पान तोडून खिशात घातलं. वळलो तर अक्का दारात उभी.  जेवून जा म्हणाली. प्रेमराज, म्हणजे भाचा, शेतातून येईपर्यंत थांब म्हणाली. पुरावा सुकला असता, म्हणून निघालो.

शिरा चांगला होता.

१४ मार्च, शुक्रवार

पाकिटं नूतनकडे पोचली. रिपोर्टला वेळ लागेल, बाकीच्या कामात घालून करते म्हणाली. विज्ञानाला घाई चालत नाही.

सकाळी पाच किलोमीटर चालण्याचा संकल्प आजपासून. आज धुळवड, लोक रंग टाकतात. उद्यापासून.

७ एप्रिल, सोमवार

तहसील कचेरीत अर्ज दिला. चार पानं, स्वच्छ अक्षरात, चोपड्याला जाऊन पाच झेरॉक्स. विषय: अनेर नदीपात्रातील विदेशी गवताचे मूळ पलीकडील काठावरील एका घराच्या परसात असल्याबाबत. रिपोर्ट यायचाय, पण निष्कर्ष तयार ठेवला की रिपोर्ट आल्यावर धावपळ होत नाही.

'अनेर बचाव' ग्रुपवर अर्जाचा फोटो टाकला. नाव घेतलं नाही. फक्त फरशीला लागून काठावरचं पत्र्याचं घर, एवढंच. दोन्ही काठांचे मिळून दोनशे अकरा मेंबर आहेत. अठ्ठ्याऐंशी जणांनी वाचलं. कोणी काही लिहिलं नाही. मुद्दा पटलेला असला की माणसं गप्प होतात.

सौ. रात्री जेवायला वाढून उठून गेली. डोकं दुखत असावं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया

सकाळी कडुनिंबाला झोका बांधला. दरवर्षी अक्का आखाजीला माहेरी येते. सदुसष्ट वर्षांची बाई, पण झोक्यावर बसल्याशिवाय रस-पोळीला हात लावत नाही. रस केला, सांजोऱ्या केल्या.

दुपारी ३. आली नाही. ऊन फार आहे.

सायंकाळी ६. आली नाही. प्रेमराजला फोन केला. म्हणाला, मामा, आईची तब्येत बरी नाही. मागून भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि अक्का घासते तेव्हा भांडं तीनदा आपटते, ते मी लहानपणापासून ओळखतो.

झोका सोडला नाही. दोन दिवस राहू दे. रस सौ.ने शेजारी वाटून टाकला. सत्तेचाळीस वर्षांत अक्का आखाजीला आली नाही असं झालेलं नाही. ऊन खरंच फार होतं.

५ मे, सोमवार

मनाला वाईट वाटलं की काम काढावं. घाट स्वच्छता मोहीम काढली. माझ्या खर्चाने वीस माणसं, दोन दिवस. गवत कापून दहा ट्रॉल्या निघाल्या. टाकायचं कुठे? मी सांगितलं, पात्रातच पसरा. उन्हात वाळेल, आणि पाणी आलं की नदी आपली घाण आपण घेऊन जाईल.

तोताराम म्हणाला, "पान्यामा नका टाकू सर, फुटतीन." नववी. त्याला नीट समजावलं की कापलेलं गवत मेलेलं असतं.

घाटाच्या अकराच्या अकरा पायऱ्या मोकळ्या. फोटो ग्रुपवर टाकला. बारा अंगठे आले. पलीकडच्या काठावरून एकही नाही.

२९ मे, गुरुवार

बाजारात एक नवी गोष्ट कळली. खालच्या गावांत, पार तापीपर्यंत, लोक या गवताला "सरनं गवत", म्हणजे सरांचं गवत, म्हणतात. केळीवाला म्हणाला, दोन-तीन वर्षांपासून असंच म्हणतात सर, तुम्हाला माहीत नाही का.

माणूस काम करत राहिला की नाव आपोआप होतं. माझा अभ्यास तर जानेवारीत सुरू झालाय आणि नाव दोन-तीन वर्षांपासून आहे, एवढं मात्र लागत नाही. केळीवाल्याचा हिशोब कच्चा असणार.

१५ जून, रविवार

घाटावर पसरलेल्या गवताला पेरापेरातून कोंब आलेत. हिरवे, बोटभर, एका रांगेत. दहा ट्रॉल्या. तोताराम बघत होता, मी बघितलं नाही असं दाखवलं. यातून एक नवीन निरीक्षण मिळालं, हे काय कमी आहे.

मिस्त्री येऊन गेला. दुसरी लादीही उचलली गेलीय. तो म्हणाला, सर, माझं काम नाही हे, खालून कायतरी ढकलतंय. आपली चूक कबूल करायची माणसाला किती जड जाते.

२४ जून, मंगळवार. सकाळी १०

अक्काचा फोन. आखाजीनंतर पहिलाच. तब्येत विचारली, सौ.ची विचारली, मोरीची विचारली (सौ.ने सांगितलं असणार). मग म्हणाली, "भाऊ, फरशीखाले पानी अडकी राह्यनं. वरथीन बठ्ठं कापेल गवत उनं. ते काढाले लाव रे."

म्हटलं, अक्का, कापलेलं वरून आलं असेल, पण रिपोर्ट येऊ दे. आत्ता काढलं तर सगळा पुरावा जाईल.  ती म्हणाली, पाणी भिंतीला लागलंय. म्हटलं, भिंत दगडी आहे. ती म्हणाली, पाया मातीचा आहे, तुझ्या दाजींनी घाईत बांधला होता, तुला माहीत आहे.

हो, माहीत आहे. तेव्हा मीच माती कालवायला होतो. चौदा वर्षांचा होतो.

फोन ठेवल्यावर एक कप चहा घेतला. संकल्प मोडला असं नाही. प्रसंग होता.

८ जुलै, मंगळवार

आजचा दिवस माझा.

प्रेमराजने जेसीबी आणला होता, फरशीखालचं गवत उपसायला. सकाळी सात वाजताच बातमी लागली. नदीला गुडघाभरच पाणी होतं, फरशीवरून चालत पलीकडे गेलो, अर्जाची शिक्क्याची प्रत हातात. जेसीबीच्या समोर उभा राहिलो. ड्रायव्हरला वाचून दाखवलं: प्रकरण विचाराधीन. खरं तर शिक्का फक्त अर्ज मिळाल्याचा आहे, पण ड्रायव्हरला शिक्का दिसला, पुरे झालं. आपल्याला लफडं नको म्हणाला आणि मशीन वळवलं.

प्रेमराज म्हणजे मी लहानपणी खांद्यावर बसवून हिंडवलेला पोरगा. तो म्हणाला, मामा, पाऊस वर सातपुड्यात पडायला लागला की आमच्याकडे दोन तास असतात. एकदा मोकळं करू द्या. मग तुम्ही कितीही नमुने घ्या. म्हटलं, पंधरा दिवस थांब. फक्त रिपोर्ट येईपर्यंत.

अक्का दारात उभी होती. प्रेमराजला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मामा सांगस ना."

सहा महिन्यांत माझी योजना पहिल्यांदा ठरवल्याप्रमाणे पार पडली. परत येताना फरशीच्या मोऱ्यांकडे पाहिलं. सात मोऱ्या आहेत. पाणी दोनच मोऱ्यांतून निघत होतं. बाकी पाचांच्या तोंडाशी गवत उभं होतं, हिरवंगार, दरवाज्यात माणसं उभी राहावीत तसं. चाल वाढवली. चालण्याचा व्यायामही झाला.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई

आज आमच्या घरी कानबाईची, आमच्या खान्देशच्या देवीची, स्थापना. नैवेद्याचे रोट झाले. मखराला चारी बाजूंनी मागल्या दारच्या हिरव्या कांड्या लावल्या. पूर्वी केळीचे खांब लावायचे. तीन वर्षांपूर्वी केळीवर रोग पडला, खांब धड मिळेनात, तेव्हा मीच ही कल्पना काढली. कांडी उंच, सरळ, पानं हिरवी राहतात, शोभा दुप्पट. आता भाऊबंदांत सगळ्यांच्या घरी आमच्याच कांड्या जातात. यंदा बावीस घरांना दिल्या. मागितल्याशिवाय दिल्या, पोचवल्याही.

सौ. म्हणाली, यंदा केळीचेच लावूया हो. म्हटलं, परंपरा मोडायची नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वाजतगाजत घाटावर विसर्जन. देवीपुढं लागलेली वस्तू उकिरड्यावर टाकत नाहीत, वाहत्या पाण्यातच सोडतात. बावीस घरांच्या कांड्या मुळासकट पाण्यात सोडल्या. छान दिसत होतं. सगळं हिरवं हिरवं एका ओळीत खाली जाताना. फरशीच्या दिशेने वळलं आणि दिसेनासं झालं.

तोताराम हात जोडून उभा होता. देवीकडे नाही, खाली नदीकडे बघत होता. विचारलं काय बघतोस. म्हणाला, काही नाही सर.

मनात एक विचार आला होता. लिहिण्याइतका महत्त्वाचा नव्हता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. दोन शब्द बोलायला मला बोलावतील म्हणून दोन पानं लिहून नेली होती. वेळ कमी पडला. नूतनला मेसेज केला: रिपोर्ट कधी. तिने उत्तर दिलं, सर, जवळजवळ झालाय, एक गोष्ट परत तपासतेय. म्हणजे काहीतरी मोठं निघालंय.

आज मोरीत तिसऱ्या लादीखालून एक टोक वर आलंय. पांढरं, कोवळं, सुईसारखं टोकदार. सौ.ने त्यावर बादली पालथी घातली. मी मिस्त्रीला फोन लावला. उचलला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी ५. सातपुड्यावर रात्रभर वीज. इकडे थेंब नाही.

६.३०. नदीचा आवाज बदलला. घाटावर गेलो. पाणी लाल. अकरा पायऱ्यांपैकी एकही दिसत नाही.

७. गवत उभंच आहे. वाकतंय, पण जागा सोडत नाही. कापलेलं, विसर्जन केलेलं, सगळं खाली चाललंय. फरशीकडे.

७.२०. फरशीवर पाणी. मोऱ्यांतून काहीच निघत नाही. पाणी पुढे जाऊ शकत नाही म्हणून आडवं फिरलंय. आमच्याकडे काठ उंच आहे. आडवं म्हणजे पलीकडे.

७.२५. अक्काचा फोन लागत नाही.

७.४०. लागत नाही.

७.५५. प्रेमराजचाही लागत नाही. पलीकडे जायला रस्ता नाही. फरशीवर छातीभर पाणी आहे.

८.१०. इकडून दिसतंय. पत्र्याचा कोपरा दिसतोय. घराच्या मागे गवताचं बेट दिसतंय. भिंत दिसत नाही.

८.३०. पत्राही दिसत नाही. सौ. माझ्याशेजारी येऊन उभी आहे. 

११. प्रेमराजचा फोन. आई शाळेत आहे. त्याने पाठीवर घेऊन काढलं, गळ्यापर्यंत पाण्यातून. दोघं ठीक. घर गेलं. म्हैस गेली. धान्य गेलं. मामा, ठेवतो, असं म्हणून ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुपारी २. फरशीचा मधला तुकडा वाहून गेला. गवत मात्र होतं तिथेच आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

सौ. स्वतः लांबच्या पुलावरून रिक्षा करून गेली आणि अक्काला घेऊन आली. मी म्हणालो होतो मी जातो. ती म्हणाली, तुम्ही नका जाऊ.

अक्का मधल्या खोलीत आहे. अंगावर एक पातळ, कुणीतरी दिलेलं. हातात सोनगीरचा तांब्या. पाठीवरून नेताना तो सोडला नाही म्हणतात. मला बघून म्हणाली, वाळलास. जेवतोस का नीट.

मी म्हणालो, हवामान बदल आहे अक्का. सगळीकडे असंच चाललंय. ती हो म्हणाली.

झोका अजून कडुनिंबाला आहे. एप्रिलपासून सोडायचा राहून गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ११

रिपोर्ट. नूतनचा फोन, अर्धा तास.

सातही नमुने एकाच झाडाचे. दुसरं रक्त कुठेच नाही. सगळ्यात जुना नमुना क्रमांक एक. बाकी सहांमध्ये जे बारीकसारीक बदल आहेत ते त्याच्यावर चढत गेलेले, जितकं खाली जाल तितके जास्त. फक्त पाच नंबर वेगळा: तो नदीने आलेला नाही, थेट एक नंबरची कांडी नेऊन लावलेली. हे तिने दोनदा तपासलं. मग म्हणाली, सर, तुम्ही एक नंबरच्या पाकिटावर ठिकाण लिहिलेलं नाही, फक्त 'निर्दोष' लिहिलंय. ते कुठलं आहे. फॉर्ममध्ये भरावं लागेल.

सांगतो म्हणालो. रेंज जातेय म्हणालो. रेंज होती.

दुपारी १. शक्यता: पाकिटं बदलली. तोतारामने चिकटवली होती.

दुपारी १.३०. पाकिटं मी चिकटवली होती.

दुपारी ३. शक्यता: टायवाल्याने फसवलं. लेखी दिलं होतं. कागद शोधला. सापडला. त्यावर लिहिलंय: उत्तम वाढ. पाण्याजवळ लावू नये.

सायंकाळी ५. बावीस घरं. तीन वर्षं. यंदाचं धरून चार विसर्जनं. दहा ट्रॉल्या. आणि त्या दिवशी जेसीबीपुढे मी. आणखी शक्यता सुचत नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी चहा पिताना अक्काला सांगितलं. एक नंबर, पाच नंबर, सगळं. अर्ध्यातच ती म्हणाली, "माले माहीत शे."

तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी ओवाळणीत साडीबरोबर हातभर कांडी दिली होती. पुढारलेली जात आहे अक्का, काठ धरून ठेवील, असं सांगून. मला आठवतही नव्हतं. तिला साडीचे काठ कसे होते तेही आठवतं. कांडी तिने घराच्या मागे लावली, विटांचं आळं केलं, रोज तांब्याभर पाणी घातलं. नाडा दरवर्षी भाऊबीजेला नवा बांधायची.

विचारलं, मग मी अर्ज केला, ग्रुपवर टाकलं, जेसीबी परत पाठवला, तेव्हा बोलली का नाहीस. तिने कप खाली ठेवला. "बठ्ठासमोर तू खोटा पडता." म्हणजे सगळ्यांसमोर.

म्हटलं, निदान पाणी भिंतीला लागलं तेव्हा तरी उपटून टाकायचं. ती म्हणाली, "मायेरनी चीज शे. कशी फेकू?"

 सौ. उठून आत गेली.

फॉर्म भरला. नमुना क्रमांक एक, ठिकाण: माझ्या घराचं मागलं दार. कोणी लावलं: मी. नूतनला पाठवला. तिचा अंगठा आला.

अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहायचाय. ग्रुपवरही लिहायचंय. दोनशे अकरा मेंबर. आधी मूळ कारण काढायचं ठरवलं. टिकाव घेऊन मागे गेलो.

अक्का तिथे आधीच होती. तोंड धुऊन झालं होतं. तांब्यात उरलेलं पाणी तिने सवयीने बेटाच्या बुडाशी ओतलं. मग माझ्या हातातला टिकाव पाहिला आणि बाजूला झाली.

मी टिकाव भिंतीला टेकवून ठेवला. म्हटलं, उद्यापासून.